जोड कोण लावतो, ते आधी विचार

काशीद, आषाढ

चि. बाळास,


परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा पाऊस पत्र्यावर असा कोसळत होता की अर्धं बोलणं त्यानंच खाल्लं. ऐकू आलं ते एवढं: मुंबईत व्यावसायिक लढत खेळशील का म्हणून विचारलंय, चार राउंडची, पैसे बरे आहेत, आणि समोर कोण ते ‘नंतर सांगू’ म्हणालेत. तू खुशीत होतास. मीही ‘छान, छान’ म्हणत फोन ठेवला. मग मात्र झोप लागेना. बोलता बोलता तू आणखी एक गोष्ट सांगितलीस, ती डोक्यातून जाईना. त्या लोकांनी तुझं वजन विचारायच्या आधी तुझे इन्स्टाग्रामवर किती फॉलोअर आहेत ते विचारलं.

म्हणून हे पत्र. फोनवर मला धड बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे. आणि सध्या वेळच वेळ आहे. किनाऱ्यावरच्या टपऱ्या निळ्या ताडपत्रीत बांधून ठेवल्यात, समुद्रात उतरायला मनाई, मासेमारी बंद. शनिवार-रविवारी मुरुडकडे जाणारी चार पोरं मोटारसायकली थांबवून चहा-भजी खातात, तेवढंच गिऱ्हाईक.

तुझ्या मामीचं माहेर सांगलीकडचं. लग्नानंतर पाच-सहा वर्षं मी तिकडच्या यात्रेला न चुकता जायचो, कारण सासरे कुस्त्यांच्या पंचकमिटीत होते आणि मला शेजारी बसवून घ्यायचे. सकाळी आधी रेवडीच्या कुस्त्या. नऊ-दहा वर्षांची पोरं लंगोट कसून फडाच्या कडेला उभी. पंच दोघांना खांद्याला खांदा लावून उभं करायचे, उंची बघायचे, मग मान, मग मांड्या. पसंत पडलं की दोघांचे हात वर धरून अख्ख्या फडाभोवती फिरवायचे, म्हणजे लोकांनीही जोड बघावी. गर्दीतून कुणी ओरडलं, ‘जोड बसत नाही!’ की पुन्हा सोडायचे.

एकदा सासऱ्यांनी एका पोराचा कान दोन बोटांत धरून चाचपला. कान मोडलेला होता, गाठ धरलेला. म्हणजे तालमीत चांगला मुरलेला पोर. दुसऱ्याचा कान कोवळा, जसा आईनं दिला तसा. वजन सारखं, उंची सारखी, पण त्यांनी ती जोड मोडली. कोवळ्या कानाच्या पोराचा बाप भांडायला आला, इनाम बुडालं म्हणून. सासरे त्याच्याशी काहीच बोलले नाहीत. पोराला जवळ घेतलं, पाठीवर थाप मारली आणि दुसरी जोड शोधायला लागले.

बाळा, तुझा कान कोण चाचपणार आहे, एवढंच मला कळायला हवंय.

आतापर्यंत तू खेळलास त्यात हा प्रश्नच नव्हता. जिल्हा असो की राज्य, वजन झालं की ड्रॉ निघतो आणि समोर येईल त्याच्याशी खेळायचं. पुण्याच्या देविका घोरपडेनं 2022 मध्ये स्पेनला युवा जागतिक स्पर्धेचं सुवर्ण जिंकलं, तेही असंच, एकेक नाव पार करत. ड्रॉ कधी दुष्टपणा करतो, पहिल्याच फेरीत सगळ्यांत तगडा माणूस समोर आणून ठेवतो. तुला दोनदा तसं झालं, आणि ताई रडली होती. पण ड्रॉला तिकिटं विकायची नसतात.

विजेंदर सिंगचं उदाहरण घे. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तो 75 किलोत उतरला आणि कांस्यपदक घेऊन आला, बॉक्सिंगमधलं भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक. त्याच्या पहिल्याच लढतीत समोर होता गॅम्बियाचा बाडू जॅक. विजेंदरनं त्याला 13-2 असं सहज हरवलं. उपांत्यपूर्व फेरीत इक्वेडोरचा कार्लोस गोंगोरा, त्यालाही हरवलं. दोन्ही नावं ड्रॉनं दिली होती. 2015 मध्ये विजेंदर व्यावसायिक झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये हाच बाडू जॅक अँथनी डिरेलला हरवून डब्ल्यूबीसीचा सुपर मिडलवेट जगज्जेता झाला होता. विजेंदरनं व्यावसायिक पट्टे जिंकले तेही याच वजनात. पुढे 2020 मध्ये गोंगोरालाही याच वजनात आयबीओचा पट्टा मिळाला. म्हणजे ड्रॉनं समोर आणलेल्या ज्या दोघांना आपल्या माणसानं हरवलं होतं, ते दोघे मोठ्या पट्ट्यांपर्यंत पोचले आणि व्यावसायिक रिंगमध्ये त्यांची-त्याची गाठ एकदाही पडली नाही. मी विजेंदरला दोष देत नाही. तिशीच्या दाराशी असताना त्यानं नवा धंदा नव्यानं शिकायला घेतला, त्याला छाती लागते. पण तिथं ड्रॉ नव्हता. समोर कोण, हे कुणीतरी बसून ठरवत होतं, आणि ठरवताना आणखी पुष्कळ गोष्टी बघत होतं.

5 ऑगस्ट 2017 आठव. तेव्हा तू लहान होतास, मी तुला टीव्हीसमोर मांडीवर घेऊन बसलो होतो. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये विजेंदर विरुद्ध चीनचा झुल्पिकार मैमैतियाली. वरळीचं हे वल्लभभाई पटेल स्टेडियम कुस्तीशौकिनांचं जुनं ठिकाण. दारासिंग, किंग काँग ही नावं आमचे अण्णा वरळीच्याच संदर्भात घ्यायचे. तर विजेंदर-झुल्पिकार. झुल्पिकार वयानं लहान, तोवर न हरलेला, आणि त्याच्याकडे डब्ल्यूबीओचा ओरिएंटल पट्टा होता, त्यामुळे जोड वाईट नव्हती. दहा राउंड गेले आणि तिन्ही पंचांनी लढत विजेंदरला दिली, तीही जेमतेम: 96-93, 95-94, 95-94. पण त्या रात्री लोक काय विकत घेत होते? जूनपासून डोकलामला दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी होती. भारत विरुद्ध चीन, ही जाहिरात वेगळी करायची गरजच उरली नव्हती. विजेंदरनं जिंकल्यावर माइक हातात घेऊन सांगितलं की सीमेवर शांतता राहावी म्हणून त्याचा पट्टा मी परत द्यायला तयार आहे. मला तो माणूस त्या क्षणी फार आवडला. ज्या कारणावर तिकिटं खपली होती, तेच त्यानं भर रिंगमध्ये खाली ठेवलं.

आणि मग गोवा. 19 मार्च 2021, पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या मॅजेस्टिक प्राइड या कॅसिनो जहाजाच्या छतावर रिंग. विजेंदर बारा लढती खेळून एकही न हरलेला, वय 35, आणि दुबईच्या आधीच्या लढतीला सोळा महिने होऊन गेलेले. समोर रशियाचा आर्तिश लोप्सान: 26 वर्षांचा, सहा फूट चार इंच, नावावर सहाच लढती, चार जिंकलेल्या. कागदावर बघशील तर म्हणशील, चांगला सोपा माणूस निवडलाय. पाचव्या राउंडला पंचानं लढत थांबवली, लोप्सान जिंकला. कागदावर माणसाचा कान दिसत नाही.

आता त्या फॉलोअरच्या प्रश्नाकडे येतो. त्याचं मूळ अमेरिकेतल्या पे-पर-व्ह्यूमध्ये आहे आणि ते मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं, कारण वीस वर्षं मी या गावात केबल चालवली. आपल्याकडे महिन्याचे ठरलेले पैसे. मॅच रंगो की पडो, पिक्चर चांगला लागो की भिकार, मला दीडशे ते दीडशेच. तिकडे मोठी लढत असली की त्या एका रात्रीपुरते वेगळे पैसे. ज्यानं भरले त्याच्याच घरी ती दिसणार. 2 मे 2015 ला मेवेदर-पॅकियाव लढतीचे जवळजवळ शंभर डॉलर घेतले, तेव्हाच्या भावानं सहा हजार रुपयांच्या आसपास. 46 लाख घरांनी भरले. त्यातला मोठा वाटा केबल आणि डिशवाले ठेवून घेतात, उरलेल्यात प्रवर्तक, चॅनेल आणि खेळाडू. तिथंच गाडी वळते. ठरलेलं मानधन असेल तर खेळाडू लढतो आणि घरी जातो. पण प्रत्येक घरामागे वाटा असेल तर त्याचे लोक समोरचा माणूस वेगळ्या नजरेनं बघायला लागतात. हा कितपत चांगला आहे, यापेक्षा हा आपल्याबरोबर किती घरं घेऊन येतो, हे आधी. हरण्याचा धोका मोठा आणि घरं थोडी, असा माणूस कितीही गुणी असो, त्याला कुणी फोन करत नाही.

क्यूबाचा गिलेर्मो रिगोंदो बघ. ऑलिंपिकची दोन सुवर्णं, 2000 ची आणि 2004 ची. 2013 मध्ये त्यानं नोनितो डोनेअरला अक्षरशः शिकवणी दिली. पण तो सावध खेळायचा, लोकांना कंटाळा यायचा, आणि मग त्याच्याशी खेळायला मोठी नावं पुढे येईनात. उलट 19 ऑगस्ट 1995 ला टायसन तुरुंगातून सुटून पहिल्यांदा रिंगमध्ये आला तेव्हा समोर पीटर मॅकनीली. नावावर 36 विजय आणि एक हार, पण ते विजय कुणावर, तर ज्यांना हरवायला फारसं लागत नाही अशांवर. 89 सेकंदांत मॅकनीलीच्याच मॅनेजरनं रिंगमध्ये उडी घेऊन लढत थांबवली. त्या 89 सेकंदांसाठी पंधरा लाखांवर घरांनी पैसे मोजले होते. तो मॅनेजर मला वाईट वाटत नाही. त्यानं आपला पोरगा वाचवला. पण त्याला त्या रिंगमध्ये नेऊन उभंही त्यानंच केलं होतं.

पैसा आला की जोड बिघडतेच, असं मी म्हणणार नाही. 8 मार्च 1971 ला अली आणि फ्रेझियर न्यूयॉर्कला भिडले, तेव्हा दोघंही अपराजित, दोघांनाही प्रत्येकी 25 लाख डॉलर, आणि गावोगावी थिएटरात पडदे लावून लोकांनी तिकीट काढून लढत बघितली. सगळ्यांत चांगली जोड आणि सगळ्यांत जास्त गल्ला एकाच रात्री. असं होतं तेव्हा फार सुंदर होतं. पण मेवेदर-पॅकियावचं बघ. बोलणी 2009 च्या सुमारास सुरू झाली, रक्ततपासणीवरून मोडली, मग पाच वर्षं नुसती चर्चा. जेव्हा झाली तेव्हा एक 38 चा आणि दुसरा 36 चा, खांदा दुखावलेला. जगातली सगळ्यांत मोठी कमाई आणि बघणाऱ्याच्या हाती पुष्कळ कमी. पैसे मात्र उशीर झाला म्हणून घटले नाहीत, वाढले. कानेलो आणि गोलोव्किनचंही थोडंफार तेच. 2016 च्या मे महिन्यात कानेलोनं आपल्यापेक्षा बऱ्याच हलक्या वजनातून वर आणलेल्या अमीर खानला सहाव्या राउंडला झोपवलं, आणि गोलोव्किनशी खेळायची मुदत अंगावर आली तेव्हा डब्ल्यूबीसीचा पट्टाच सोडून दिला. दोघे भिडले ते 2017 च्या सप्टेंबरात. गोलोव्किन तोवर 35 चा झाला होता. पिकलेलं फळ गळेपर्यंत थांबायचं आणि मग काढायचं, याचं हिशेबी शास्त्र झालंय.

आपल्या फडातही हे आहेच. वरच्या नंबरच्या कुस्तीला दोन मोठी नावं आणतात, पत्रकं लागतात, आणि मग तासभर नुसती खडाखडी, शेवटी बरोबरीत सोडवतात. आधीच ठरवून केलेल्या कुस्तीला आपल्याकडे नुरा कुस्ती हा शब्द आहे. ज्या गावाला या गोष्टीसाठी वेगळा शब्द लागला, त्या गावानं ती पुष्कळदा पाहिलेली असणार. पण गावची गर्दी फडाला लागून बसते. चुना लावला की तिला दिसतं, आणि ती ओरडते. फोनवर बघणारा ओरडून काय करणार.

मलाही यातलं थोडं कळतं ते आपल्या खाणावळीमुळे. बाहेर फळ्यावर ‘सुरमई थाळी’ लिहिलं की पुण्या-मुंबईच्या गाड्या थांबतात. डिसेंबरात एखाद्या सकाळी मांदेली अशी ताजी येते की हाताला चांदी लागते, पण फळ्यावर मांदेली लिहिली तर गाडी पुढे जाते. म्हणून बर्फातली सुरमई ठेवावी लागते. मामी चिडते, आणि तिचं बरोबर आहे. मी फळा तिच्या मनासारखा लिहीत नाही, कारण घर चालवायचंय. त्यामुळे त्या प्रवर्तकाला मी सरळ खोटा म्हणणार नाही. त्यालाही फळा लिहावा लागतो. मला फक्त तू त्या फळ्यावर कुठल्या ओळीत आहेस ते हवंय.

नीरज गोयत तुला माहीत आहे. हरियाणाचा, वर्षानुवर्षं घासून वर आलेला. 2019 मध्ये सौदीत अमीर खानशी त्याची लढत ठरली होती, गाडीचा अपघात झाला आणि ती गेली, त्याच्या जागी बिली डिब खेळला. मग 15 नोव्हेंबर 2024 ला टेक्सासला टायसन आणि जेक पॉलच्या रात्री, नेटफ्लिक्सवर, नीरज रिंगमध्ये उतरला आणि जिंकला. एवढ्या लोकांसमोर भारताचा व्यावसायिक बॉक्सर कधी उभा राहिला असेल असं मला वाटत नाही. आणि समोर कोण, तर विंडरसन नुनेस, ब्राझीलचा विनोदी यूट्यूबर, कोट्यवधी फॉलोअर असलेला. मी त्या सकाळी खाणावळीत फोन टेकवून बघत होतो. नीरजसाठी डोळे भरून आले, आणि त्याच वेळी वाटत राहिलं, याला इतक्या वर्षांच्या कष्टांवर एखादा खरा बॉक्सर का मिळू नये एवढ्या मोठ्या रात्री? अमीर खानची लढत गेली ती नशिबानं. ही जोड मात्र माणसांनी लावली.

आता मला खरी भीती कशाची आहे ते सांगतो. तुला सोपा माणूस देतील, याची नाही. तुझे फॉलोअर साडेतीनशे आहेत, त्यात निम्मे नातेवाईक. ज्याचे साडेतीन लाख आहेत अशा कुणाचा तरी आकडा वाढवायला तूच सोपा माणूस म्हणून हवा असशील. चांगला तंदुरुस्त, राज्यस्तरीय, चार राउंड टिकेल, पण पहिलीच व्यावसायिक लढत, बनियान नाही, हेल्मेट नाही, आणि नाव शेवटच्या आठवड्यात कळणार. ‘नंतर सांगू’चा अर्थ पुष्कळदा हाच असतो. दुसऱ्या पोराचं नाव ठरलेलं असतं; न ठरलेलं नाव तुझं असतं.

कधी कधी सोपा म्हणून आणलेला माणूसच उठून मारतो, हेही खरं. 1 जून 2019 ला न्यूयॉर्कला अँथनी जोशुआचा प्रतिस्पर्धी औषधचाचणीत अडकला, आणि महिनाभर आधी अँडी रुईझला बोलावलं. गुबगुबीत, हसरा, कुणाच्या खिजगणतीत नसलेला. त्यानं जोशुआला सातव्या राउंडला थांबवून पट्टे नेले. ही गोष्ट तू मला सांगशील, म्हणून आधीच लिहितो. रुईझ तेव्हा व्यावसायिक रिंगमध्ये दहा वर्षं मुरलेला होता. त्याचा कान मोडलेला होता, बाळा.

तेव्हा सही करायच्या आधी समोरच्याचं नाव मागून घे. नाव मिळालं की बॉक्सरेक या वेबसाइटवर त्याच्या लढती काढ आणि नुसता जिंकले-हरले आकडा वाचू नकोस. कुणाशी जिंकला, ती माणसं नंतर कुठं गेली, ते बघ. शेवटची लढत कधी झाली ते बघ. तुझ्या सरांना विचार, मग मला फोन कर. नाव बदललं तर तुला नाही म्हणायचा हक्क आहे, हे कागदावर लिहून घे. ‘आपला शब्द आहे’ याच्यावर राहू नकोस. वजन किती किलोचं ठरलंय, डॉक्टर कोण, हात मोडला तर दवाखान्याचे पैसे कोण देणार, हेही. हे विचारलंस म्हणून जर त्यांनी तुला वगळलं, तर ती लढत तुझी नव्हतीच. ताईच्या घराचा हप्ता आहे, मला माहीत आहे. तेवढ्यासाठी मला मागायला लाजू नकोस. दिवाळीचा सीझन बरा गेला तर माझ्याकडे असतील.

तू अकरा वर्षांचा असताना मागच्या सुरूच्या झाडाला पोतं टांगलं होतंस. ओली वाळू भरलेली, दगडासारखी कडक. पहिल्याच दिवशी दोन्ही मुठींची सालं निघाली तरी मारत होतास आणि मला बघून हात पाठीमागे लपवलेस. मी रात्री वाळू काढून मामीच्या जुन्या साड्यांच्या चिंध्या आणि भुसा भरला. ते झाड 3 जून 2020 ला निसर्ग वादळात पडलं, पोतं पण गेलं. परवा तुझा फोन ठेवल्यावर मी पडवीतले वासे तपासले. मधला चांगला आहे, सागाचा, तुझ्या माराला पुरेल. चिंध्या मामीनं काढून ठेवल्यात. पोतं शिवायला टाकलंय, पाऊस उघडला की टांगतो.

गणपतीला ये. येताना ते कागद घेऊन ये, सही न केलेले. आपण दोघं बसून वाचू.

मामी म्हणते सुक्या बोंबलाची चटणी डब्यात भरून पाठवते, पण वजन वाढेल म्हणून तू खाणार नाहीस, आणि तिला ते पटत नाही. तेवढं तिला तूच फोन करून सांग.

तुझा,
मामा